शिकाऊ मंडळींचा दवाखाना आणि ह्यांचा उजवा पाय

प्रिय भाऊजींना,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले आशीर्वाद मिळाल्याचं तुम्ही काही कळवलं नाहीत, म्हणजे ते वाटेत कुणा परक्यालाच लागू झाले असावेत; त्या माणसाचं भलं होवो. तुमची पाठ आता कशी आहे? धाकट्या जाऊबाईंची कुरकुर थांबली का? (गुडघ्याची म्हणतेय.) डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा, आणि घालताना तोंड उघडं ठेवायची गरज नसते हेही एकदा लक्षात घ्या. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हा "खुशाल" शब्द काही महिन्यांपूर्वी मी लिहून खोडला असता. आज खोडत नाहीये, आणि का खोडत नाहीये हे सांगायलाच कागद पुढे ओढला आहे.

तुम्ही दर रविवारी फोन करता, दादाची प्रकृती कशी आहे विचारता, आणि मी उत्तर देईपर्यंत फोन जाऊबाईंच्या हातात देऊन मोकळे होता. मग जाऊबाई मला त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगतात. मागच्या रविवारी मात्र तुम्ही फोन सोपवायच्या आधीच घाईघाईने विचारलंत की वहिनी, खरं सांगा, आमचा दादा अजून आहे का तिथे आत? मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणजे तुम्ही काय समजला असाल याची मला कल्पना आहे, कारण आपल्या घरात मी गप्प राहिले की लोक डॉक्टरला बोलावतात. पण हे उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं. चहा घेऊन बसा, पत्र लांबणार आहे.

तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू करायला मला जमत नाही. तीसेक वर्षं तुमच्या दादांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकणाऱ्यांनी ह्यांना विजेच्या खांबांवर नेलं, खड्ड्यात उतरवलं, एकीने तर थेट केशकर्तनालयात नेऊन गिऱ्हाइकाशेजारी उभं केलं. ह्यांना कधी ओरखडा आला नाही. आणि मग एका दुपारी, घरात, स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसताना पडले. डोक्याच्या डाव्या बाजूला आत रक्त साचलं, ऑपरेशन झालं, आणि जे परत आले त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द सोडून सगळं गेलं. तो शब्द म्हणजे "सावकाश". शिकवण्यांमध्ये आयुष्यभर जो सगळ्यांत जास्त वापरला तोच तेवढा तळाशी चिकटून राहिला. भूक लागली तरी सावकाश, दुखलं तरी सावकाश, मोठे डॉक्टर तपासून निघाले तरी त्यांच्या पाठीला सावकाश. (डॉक्टरांना वाटलं, किती सभ्य माणूस आहे. नवशिक्या गिअर टाकताना हे तोच शब्द कसा म्हणायचे ते त्यांनी ऐकलेलं नव्हतं.) हात थोडासा हलायला लागला, पाय मात्र अजिबात नाही. मोठे डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, पायाचं जे परत यायचं ते एव्हाना यायला हवं होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळी स्टुलं माळ्यावर टाकली.

इस्पितळातल्या नर्सबाईंनी जाता जाता आम्हाला ह्या दवाखान्याचं सांगितलं. चालायला, बोलायला आणि रोजची कामं करायला पुन्हा शिकवणारी माणसं जिथे तयार होतात, असं एक कॉलेज आहे. ती तयार होता होता मेंदूला इजा झालेल्या लोकांसाठी आठवड्यातून काही दिवस दवाखाना चालवतात. मी विचारलं, चालवतात म्हणजे कोण, प्राध्यापक? नर्सबाई म्हणाल्या, नाही, विद्यार्थी. माझ्या कपाळाला ज्या आठ्या पडल्या त्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. ज्यांना स्वतःचा डबा घरी विसरायची सवय आहे, त्यांच्या हातात मी माझा नवरा द्यायचा! पण दुसरीकडे कुठे जागा नव्हती, म्हणून गेलो.

कॉलेजच्या जुन्या व्यायामशाळेत त्यांचा पसारा आहे. एका बाजूला धरून चालायचे दोन समांतर दांडे, एका बाजूला गाद्यांचा ढीग, कोपऱ्यात खोटं खोटं स्वयंपाकघर (ओटा खरा, नळ खरा, गॅस मात्र बंद), आणि एका भिंतीवर भला मोठा आरसा. दोन विद्यार्थी आमच्या वाट्याला आले. एक मुलगी, पायांची जबाबदारी तिची. तिची वेणी इतकी लांब की काम करताना ती कोटाच्या खिशात खोचून ठेवते. तिला मी मनात वेणी म्हणायला लागले. दुसरा मुलगा, बोलणं शिकवणारा, आणि हा स्वतः इतकं हळू बोलायचा की पहिले तीन दिवस मला वाटलं हाही पेशंट आहे. तो पुटपुट्या. दोघं ह्यांच्यासमोर खाली वाकून बसले आणि म्हणाले, काका, आम्ही अजून शिकतोय, आमच्या चुका होतील, आमच्या बाईंचं आमच्यावर लक्ष असतं, तुमची हरकत नाही ना? तुमचे दादा म्हणाले, सावकाश. मी म्हणाले, माझी आहे. पण माझं कुणी विचारलं नव्हतं.

दोघं कसलासा पट्टा आणायला बाहेर गेले तेव्हा मी त्या आरशासमोर उभी राहिले. केस नीट केले, दातांत काही अडकलंय का पाहिलं, आणि मग ह्यांच्याकडे तोंड करून त्या मुलांबद्दल, त्यांच्या बुटांच्या सुटलेल्या नाड्यांबद्दल आणि त्यांच्या त्या अदृश्य बाईंबद्दल माझं जे काही मत होतं ते सविस्तर मांडलं. तासाभराने आरशाशेजारचं दार उघडलं आणि आतून बाई आणि सात-आठ विद्यार्थी बाहेर पडले. भाऊजी, तो आरसा नव्हताच! आमच्या बाजूने आरसा, त्यांच्या बाजूने काच; आणि आमचा आवाज पलीकडे ऐकू यावा म्हणून छतात यंत्र. सगळे माझ्याकडे बघून फार अदबीने हसले. एक जण जाता जाता म्हणाला, काकू, दातांत काही नव्हतं. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी वळून बघितलं नसतं.

एवढ्यावर भागलं नाही. पुटपुट्या ह्यांना चित्रं दाखवायचा. कप दाखवला, हे म्हणाले सावकाश. किल्ली दाखवली, सावकाश. कंगवा दाखवला तेव्हा मात्र हे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, ओठ हलले, आणि मला काही राहवेना. मी मागून म्हटलं, कंगवा. काचेवर टक् असा आवाज झाला. चूक झाली की पलीकडून बाई पेनाने काचेवर वाजवतात, अशी तिथली पद्धत आहे. मी म्हटलं, बघा, चुकला मुलगा. तर पुटपुट्या लाल होऊन पुटपुटला, काकू, ते तुमच्यासाठी होतं. मग बाहेर येऊन बाईंनी मला समजावलं की शब्द शोधायला ह्यांना वेळ लागतो, आणि मी तो आयता दिला की शोधणंच थांबतं. म्हणून उपचार मला दिला: ह्यांना कुणी काहीही विचारलं तरी मी ह्यांच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. ह्यांच्या सगळ्या व्यायामांपेक्षा हा अवघड होता. शेजारचे शिंपीकाका दारात येऊन ह्यांना "कसं काय?" म्हणाले, हे शब्द शोधत बसले, मी जीभ दाताखाली धरून बसले, आणि ती शांतता इतकी लांबली की शिंपीकाका घाबरून स्वतःच "बरं आहे" असं सांगून निघून गेले.

आता पायाचं. वेणी रोज ह्यांचा उजवा पाय हातात घेऊन वाकवायची, सरळ करायची, आणि मग म्हणायची, काका, आता तुम्ही उचला. हे कपाळावरच्या शिरा फुगेपर्यंत जोर लावायचे. पाय जागच्या जागी. किती दिवस हे चाललं ते मी मोजलं नाही, मोजावंसं वाटलं नाही. ती पोरगी तोच प्रश्न रोज तितक्याच आशेने विचारायची आणि हे रोज तितकाच जोर लावायचे, आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. मग एके दिवशी वेणी ह्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून मागे न बघता उलटी सरकत होती, तिच्यामागे वजनांची मांडणी होती, आणि तिची पाठ त्या मांडणीला लागायच्या आत ह्यांचा उजवा पाय दाणकन जमिनीवर आपटला.

पुढे जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. वेणी किंचाळली. काचेमागून सगळा वर्ग बाहेर आला. झटका आला असेल म्हणून ह्यांना आडवं केलं, डोळ्यांत उजेड टाकला, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय मेल्यासारखा पडलेला. पुन्हा बसवलं. काही नाही. दोन दिवसांनी पुटपुट्याच्या हातातून चित्रांचा गठ्ठा निसटणार, तेवढ्यात परत दाणकन! मग त्या पायावर त्यांनी चिमुकल्या तारा चिकटवल्या, फळ्यावर आकृत्या काढल्या, आणि "आपोआप होणारी हालचाल" असं काहीतरी भारदस्त नाव देऊन त्यावर खास बैठक बोलावली. मलाही बसवलं. वेणीने उठून सांगितलं की हा पाय सांगितल्यावर हलत नाही, दुखवल्यावर हलत नाही, फक्त कधी कधी आम्ही चुकायला लागलो की हलतो, आणि हे असं का हे मला समजत नाही. मग माझ्याकडे वळून तिने एक साधा प्रश्न विचारला: काकू, कागदावर "वाहनचालक" लिहिलंय, पण काका नक्की काय चालवायचे?

मी म्हटलं, हे कुठे चालवायचे? हे शेजारी बसायचे. चालवायची शिकणारी माणसं.

आणि म्हणता म्हणता माझं मलाच कळलं. भाऊजी, मी खुर्चीवर बसल्या बसल्या मोठमोठ्याने हसायला लागले, आणि हसता हसता माझं रडं सुरू झालं, आणि त्या मुलांनी धावत जाऊन पाणी आणलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना! हे आयुष्यभर उजवा पाय त्यावर टेकवून बसले. बसमध्ये पुढच्या सीटवर बसले तरी ह्यांचा पाय दाबायचा. मी कढईत फोडणी जास्त तापवली तरी जेवणाच्या टेबलाखाली दाबायचा; तिथली फरशी झिजली आहे, तुम्ही पाहिली आहे. तो पाय ब्रेक मारत होता! पोरगी मागे न बघता गाडी मागे घेत होती, म्हणून मास्तरांनी ब्रेक मारला!

सगळ्यांनी भराभर वह्या उघडल्या. मग वेणी फळ्यापाशी गेली आणि मला समजेल असं सगळ्यांना समजावलं. डोक्यातून पायाकडे "उचल" म्हणून हुकूम जातो तो मोठा रस्ता, तो ह्यांचा खचला आहे. पण तीस वर्षं रोज वापरून जी सवय झाली ती बाजूच्या बारीकशा वाटेने जाते, आणि ती वाट शाबूत आहे. मी त्या फळ्याकडे बघतच राहिले. माणसाच्या डोक्यात शस्त्रक्रिया होते, भाषा जाते, बायकोचं नाव जातं, आणि दुसऱ्याला वाचवायची सवय तेवढी कुठल्या तरी गल्लीत जागी राहते. मी आयुष्यात देवळं पाहिली, समुद्र पाहिला, पण असा माझा ऊर कधी भरून आला नव्हता. आणि आणखी एक लक्षात आलं. पहिल्यांदा काचेवर टक् झालं तेव्हा हे त्या काचेकडे बघून गालातल्या गालात हसले होते. मला वाटलं होतं, उगाच. आता कळलं की पलीकडे कुणीतरी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलंय, हे ह्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. शिकाऊ माणसाच्या हाती जीव द्यायला ह्यांना कसली भीती? ह्यांनी दुसरं केलंय काय आयुष्यभर?

पुढच्या आठवड्यात गेलो तर व्यायामशाळेच्या लांब बोळात एक गाडी उभी. खाट हलवायच्या चाकांच्या फळीवर दोन खुर्च्या पक्क्या ठोकलेल्या, अंगाला बांधायच्या पट्ट्यांसकट. भंगारातून आणलेलं खरं स्टिअरिंग, दोरीने पुढच्या चाकांना जोडलेलं. आणि शेजारच्या खुर्चीच्या पायाशी लाकडी पेडल, व्हीलचेअरच्या ब्रेकची तार लावून मागच्या चाकांपर्यंत नेलेलं. दाबलं की गाडी खरोखर थांबते. सुट्टीच्या दिवशी येऊन पोरांनी हे बनवलं होतं. बाईंनी अटी घातल्या: चालण्यापेक्षा जास्त वेग नाही, दोघांनाही हेल्मेट, बोळाच्या टोकाला गाद्या रचायच्या. वेणी स्टिअरिंगवर, पुटपुट्या मागून ढकलणार, हे शेजारी. हे तिथे बसताना जे ताठ झाले ना, भाऊजी! वेणीच्या हेल्मेटचा पट्टा नीट लागलाय का हेही डाव्या हाताने ओढून बघितलं. त्या दिवसापासून काकांचे मास्तर झाले.

पहिल्या दिवशी मंडळींना स्टिअरिंग जमतच नव्हतं, त्यामुळे पाय सारखा दाणदाण. आनंदीआनंद झाला. पण ही मुलं हुशार, चार दिवसांत सगळ्यांना वळणं जमायला लागली आणि ब्रेक मारायचं कारण उरेना. मग त्यांनी मुद्दाम चुकायचं ठरवलं. आणि तुमचे दादा हलले नाहीत. गाडी सरळ गाद्यांवर जाऊन आदळली, हे शांत बसून. दुसऱ्यांदा तर जांभई दिली. मुद्दाम चुकणाऱ्याचा चेहरा आधीच चुकीकडे बघत असतो, आणि हे रस्त्याकडे कधी बघतच नव्हते, शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तीस वर्षांचा अनुभव, ह्यांना कोण फसवणार? पुन्हा पाय थंड. वेणीचा चेहरा उतरला. त्यातच तिची परीक्षा आली: बाहेरून परीक्षक येणार आणि तिने त्यांच्यासमोर पेशंटवर काय काम केलं ते दाखवायचं. दाखवायला हलणारा पाय तर हवा.

परीक्षक म्हणजे फिरत्या स्टुलावर बसलेले, फाईलमध्ये डोकं घातलेले एक गंभीर गृहस्थ. (स्टूल बघूनच तेही माळ्यावर टाकावंसं मला वाटलं होतं.) ते बोळाच्या वळणावर बसले होते. वेणी डावं कुठलं, उजवं कुठलं असं घोकत होती, ते मला लांबून ऐकू येत होतं. गाडी निघाली, वळण आलं, आणि पोरीने खरोखर, मनापासून, उलट्या बाजूला चाक फिरवलं. पुटपुट्या ती चुकणार नाही अशा विश्वासाने ढकलतच राहिला. परीक्षक लिहितच राहिले. मी ओरडणार होते, पण मला गप्प राहायचा उपचार दिलेला! आणि दाणकन पाय पडला. परीक्षकांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली, फाईल उडाली, आणि वेणी दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके देऊन रडायला लागली, कारण परीक्षा गेली असं तिला वाटलं.

आता लिहिते ते नीट वाचा. हे तिच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. आणि तो पाय ह्यांनी उचलला. आपला आपण. पेडलवरून वर, बोटभरच, पण वर. पुन्हा हळूच खाली टेकवला. पुन्हा उचलला. नवशिक्याला दाखवतात ना, हे बघ, असं, घाबरायचं कारण नाही, गाडी थांबली आहे, तसं. डाव्या हाताने तिच्या कोपराला हलकेच हलवलं आणि म्हणाले, सावकाश. काचेवर टक् झालं नाही. बाई बाहेर येऊन नुसत्या उभ्या होत्या. परीक्षक स्टुलावरून उतरले, गुडघ्यांवर बसून ह्यांच्या पायाशी डोळे नेले आणि म्हणाले, पुन्हा एकदा उचला बघू. पाय ढिम्म. ते म्हणाले, प्रयत्न करा. ढिम्म. मग वेणीने नाक पुसलं आणि म्हणाली, मास्तर, मला जमलं नाही, परत दाखवता? आणि पाय उठला! परीक्षक तसेच जमिनीवर बसून राहिले. त्यांनी वेणीला किती गुण दिले ते ती सांगत नाही, पण तिची वेणी दोन दिवस खिशाबाहेर मिरवत होती.

तेव्हापासून तिथे उलटा कारभार सुरू आहे. ह्यांना कुणी "उचला" म्हणत नाही. पोरं रांगेने येतात, मास्तर, पाऊल कसं टाकायचं ते दाखवा, मास्तर, गुडघा कुठवर वाकवायचा, आणि हे दाखवतात. स्वतःसाठी जे होत नाही ते शिकवण्यासाठी होतं. काल दांड्यांच्या मध्ये उभे राहिले आणि पुटपुट्याला तीन पावलं टाकून दाखवली, कारण त्याने आपल्याला चालताना पोक येतो अशी तक्रार केली होती. (येतोच त्याला.) ज्या पोरांना मी पहिल्या दिवशी आरशासमोर नावं ठेवली, ती आली की आता मला आदराने उठून उभं राहावंसं वाटतं. वीस-बावीस वर्षांचं वय, आणि माणूस आत आहे असं धरून चालतात. दार बंद दिसलं म्हणून परत जात नाहीत, खिडक्या शोधत बसतात.

तुम्ही इकडे येत नाही ते कामामुळे नव्हे, हे मला कळतं. दादाला तसं बघवत नाही, असं तुम्ही जाऊबाईंना म्हणालात आणि जाऊबाईंनी ते मला सांगितलं. (गुडघ्याच्या मध्येच सांगितलं.) मला राग आला नाही. मलाही सुरुवातीला बघवत नव्हतं. माझी अडचण एवढीच की मला फोन ठेवून देता येत नव्हता. पण आता बघण्यासारखं आहे, भाऊजी. एवढंच कळवायचं होतं, म्हणून हा पत्रप्रपंच. तिकडे सगळ्यांना माझी आठवण सांगा, जाऊबाईंना गुडघा जपायला सांगा, आणि स्वतःला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. एवढंच कळवायचं होतं, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. मला गाडी हवी आहे. ह्यांची शिकवायची, दुसऱ्या ब्रेकची गाडी तुम्ही नेऊन तुमच्या अंगणात झाकून ठेवली आहेत ती. बाईंनी कॉलेजचं मोठं मैदान मागून घेतलं आहे. पोरांना बोळातली गाडी आता इतकी सफाईने येते की ह्यांना तिच्यात कंटाळा येतो. खरी गाडी आणि खरी भीती हवी, असं बाईंचं म्हणणं आहे. आवरणावर मांजर झोपत असेल तर आधी ते उठवा.

ता. क. पुन्हा. गाडी नुसती पाठवून चालणार नाही. मैदानात ती चालवायलाही कुणीतरी हवं, आणि तो माणूस चुकला पाहिजे. नाटकी नाही, मनापासून चुकला पाहिजे, आणि कितीही शिकवलं तरी चुकतच राहिला पाहिजे. बाईंनी सगळं कॉलेज धुंडाळलं, असा माणूस मिळेना. मी म्हटलं, तुम्ही चिंता करू नका, आमच्या घरात आहे. ह्यांनी अख्ख्या गावाला शिकवलं, पण सख्ख्या भावापुढे हात टेकले. तुम्ही गाडी पुढे घेताना मागच्या भिंतीवर नेली होतीत, ते आजही मला सांगून कळत नाही. म्हणून विनंती, येण्याआधी सराव करू नका. केलात तर जाऊबाई मला कळवतील. मैदान रिकामं असतं, गाडी खड्ड्यात गेलीच तर ओढायला बाई दोर घेऊन उभ्या राहतील, आणि तुमच्या शेजारी तुमचे दादा असतील.

ता. क. शेवटचा. हे कालच झालं, आणि हे लिहावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. पुटपुट्याने घरच्या माणसांचे फोटो मागवले होते, नावांच्या सरावासाठी. त्याने एकेक दाखवला. माझा फोटो बघून हे छान हसले आणि म्हणाले, सावकाश. जाऊबाईंचा दाखवला, सावकाश. मग त्याने तुमचा फोटो समोर धरला, आणि ह्यांच्या तोंडून काही निघायच्या आत टेबलाखाली उजवा पाय दाणकन आपटला. लवकर या.